विदर्भातल्या भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांना समुद्रावर न्या

प्रति,
विदर्भातील विद्यापीठांच्या भूगर्भशास्त्र अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य, आणि महाविद्यालयांतील विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणे मागाहून. एम.एस्सी. भूगर्भशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दोन वर्षांत एकदा तरी किनारी संशोधन जहाजावर चार-पाच दिवसांचे फील्डवर्क मिळावे. ते अभ्यासक्रमात लिहिलेले असावे, त्याला क्रेडिट असावीत आणि त्याचा खर्च विद्यार्थ्याच्या घरावर पडू नये.

मी नागपूरची. नोकरीची बरीच वर्षे सागरी सर्वेक्षणात गेली, निवृत्तीनंतर परत इथेच आले. आता भूगर्भशास्त्राची मुले-मुली अधूनमधून घरी येतात. कुणाला मुलाखतीची तयारी करायची असते, कुणाला प्रबंधाचा विषय हवा असतो. मुले हुशार आहेत. मानसर, रामटेक, उमरेड त्यांनी पायाखाली घातलेले असते, थरांचा कल मोजणारा क्लिनोमीटर हातात सफाईने बसतो, खडकाचा तुकडा भिंगाखाली धरून नीट बोलतात. समुद्राच्या तळाविषयी विचारले की पाठ केलेले उत्तर येते. समुद्रबूड जमीन, खंडान्त उतार, सागरी मैदान, सगळे क्रमाने. समुद्रतळाचा ओला गाळ हातात घेतलेला मात्र त्यांच्यापैकी एकही मला अजून भेटलेला नाही. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, आणि पृथ्वीचा अभ्यास करणारा पदव्युत्तर विद्यार्थी तो भाग न पाहताच पदवी घेऊन बाहेर पडतो. हे मला फार खुपते.

‘नागपूरला समुद्र कुठे आहे?’ हा प्रश्न मला दर वेळी ऐकावा लागतो, आणि तो बहुधा भूगर्भशास्त्राच्याच माणसाकडून येतो. झिरो माइलच्या दगडापासून कोणत्याही दिशेला निघा, किनारा गाठायला रेल्वेची एक अख्खी रात्र लागते, हे खरे. पण आपल्या पायाखालचे खडक काय सांगतात तेही बघा. शहराच्या पश्चिमेला सेमिनरी हिल्स, फुटाळा, सीताबर्डीची टेकडी, हा दख्खनच्या बेसॉल्टचा पूर्वेकडचा काठ. पूर्वेकडे गेलो की अब्जाहून अधिक वर्षे जुना नाइस खडक लागतो. उत्तरेला सौसर गटाचे खडक आणि त्यांतले मँगनीज. मानसर, कांद्री, गुमगावच्या ज्या खनिजावर इथल्या पिढ्या पोसल्या, ते मुळात प्राचीन समुद्राच्या तळावर गाळाबरोबर साचलेले, नंतर दाब आणि उष्णतेने बदललेले. तिकडे छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिलीला, सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतक्या अंतरावर, दोन लाव्हा प्रवाहांमधल्या थरात समुद्रात तरंगणाऱ्या फोरामिनिफेरांचे, म्हणजे कवच असलेल्या सूक्ष्म एकपेशीय जीवांचे, जीवाश्म सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. डायनासोर संपल्यानंतरच्या लगेचच्या काळात समुद्राचा एक फाटा मध्य भारतापर्यंत आत आला होता, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष. निष्कर्ष केवढा मोठा आहे! तो तपासायचा तर आजच्या समुद्रात फोरामिनिफेरा कुठे राहतात, किती खोलीवर कोणत्या जाती मिळतात, मेल्यावर त्यांची कवचे कोणत्या गाळात टिकतात, हे आधी स्वतः पाहिलेले हवे. आपल्या दाराशी असलेला हा पुरावा आपल्याच मुलांनी नीट वाचावा, एवढीच माझी इच्छा आहे.

आता नदीचे बघा. नाग नदी पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. म्हणजे आपल्या शेतांतून पावसाळ्यात वाहून जाणारी काळी माती, वाटेतल्या धरणांतून सुटेल तेवढी, शेवटी बंगालच्या उपसागराच्या तळाशी जाऊन बसते. बेसॉल्ट झिजून तयार होणारी स्मेक्टाइट जातीची चिकणमाती गोदावरीसमोरच्या गाळात ओळखू येते. २००६ मध्ये राष्ट्रीय गॅस हायड्रेट मोहिमेत ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या ड्रिलिंग जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर, हजार मीटरहून अधिक खोल पाण्यात, एक कोअर, म्हणजे तळात नळी घुसवून काढलेला गाळाचा उभा स्तंभ, घेतला. त्यात अडकलेल्या पानांवरच्या मेणाचे कार्बन समस्थानिक मोजून गोदावरी खोऱ्यातला झाडोरा गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत कसा बदलत गेला हे काढता आले. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून हा प्रदेश टप्प्याटप्प्याने कोरडा होत गेला आणि कमी पाण्यावर तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या, असे त्या नोंदीत दिसते. विदर्भातल्या कोरड्या काळांचा इतका सलग इतिहास विदर्भात कुठे जपलेला असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे माती साचते त्याहून अधिक वाहून जाते. तो इतिहास समुद्राने थर लावून ठेवला आहे. आणि तो वाचायला आपल्या मुलांना आपण पाठवत नाही!

नोकरीचाही विचार करा, कारण पालक तोच करतात. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरून पहिले बहुधातुक नोड्यूल, म्हणजे अनेक धातू असलेले खनिजाचे गोळे, वर काढले. १९८७ मध्ये भारताला ‘पायोनियर इन्व्हेस्टर’चा दर्जा मिळाला, आणि आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र नोड्यूलच्या शोधासाठी आपल्याकडे आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने खोल समुद्राच्या शोधासाठीच्या डीप ओशन मिशनला पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. त्या नोड्यूलमधला मुख्य धातू मँगनीज. मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरात, इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचे नागपुरात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालय सेमिनरी हिल्सवर. जमिनीवरचे मँगनीज ओळखणारी इतकी माणसे देशात दुसऱ्या कोणत्या शहरात एकत्र राहत असतील? समुद्रतळावरच्या खनिजाच्या कामाला या शहरातून माणसे सहज मिळतील. त्यांनी शिकत असताना एकदा डेकवर उभे राहिलेले असावे, इतकेच.

आता जहाजावर नेमके काय शिकायला मिळते ते जरा सविस्तर लिहिते, कारण मंडळाच्या बैठकीत ‘त्यापेक्षा व्हिडिओ दाखवा’ असे कुणीतरी म्हणणार, हे मला ठाऊक आहे.

गोव्यातून निघून पश्चिमेला सरळ एक रेघ धरायची आणि ठरावीक अंतरावर थांबून, प्रत्येक थांब्याला म्हणजे स्टेशनला, ग्रॅब टाकत जायचे. ग्रॅब म्हणजे तळाचा गाळ चिमटीत धरून वर आणणारा लोखंडी जबडा. पाठ्यपुस्तकात असते की किनाऱ्याजवळ जाड वाळू, आणि जसजसे खोल जावे तसतसा गाळ बारीक होत जातो. मुले तेच डोक्यात घेऊन डेकवर येतात. पहिले काही ग्रॅब वर येतात ते हिरवट-करड्या, लोण्यासारख्या मऊ चिखलाने भरलेले. साधारण ५०-६० मीटर खोलीपर्यंत असेच चालते. मग पुढच्या स्टेशनला ग्रॅब उघडतो आणि ट्रेमध्ये वाळू पडते. जाड वाळू, शिंपल्यांचे झिजलेले तुकडे, कुठे कुठे चुन्याचे गोल गुळगुळीत दाणे. किनाऱ्यापासून इतक्या लांब, इतक्या खोल! पुस्तकातला क्रम उलटा झालेला असतो. अशा वेळी शिक्षकाने लगेच उत्तर देऊ नये. मुलांना आपापसात बोलू द्यावे. कुणी म्हणते प्रवाहाने वाहून आणली असेल, कुणी म्हणते वादळाने. मग कुणाला तरी ते गोल दाणे खटकतात, कारण तसे दाणे उथळ, कोमट, ढवळत्या पाण्यात तयार होतात हे वर्गात शिकलेले असते. तिथून पुढे गोष्ट सुटत जाते. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. पुढे पाणी चढत गेले तेव्हा, आज जहाज जिथे उभे आहे तिथे कधीतरी किनारा होता. समुद्र वर चढत असताना उथळ पाण्यात जे साचले ते तसेच तळाशी राहिले. आजच्या नद्यांचा चिखल तिथवर पोचत नाही, म्हणून ते झाकले गेले नाही. हे सगळे मी वर्गात दहा मिनिटांत सांगू शकते आणि मुले ते दहा मिनिटांत विसरतील. ट्रेमधली वाळू स्वतः चाळलेली मुलगी ते विसरत नाही. पुढे तिच्यापुढे एखादा वाळूचा खडक आला की ती पहिल्यांदा विचारते, ही वाळू याच जागची आणि याच काळातली कशावरून?

जमिनीवर आपण खडकापर्यंत चालत जातो, दोन थरांचा सांधा बोटाने दाखवतो. समुद्रात काही दिसतच नाही. आवाज पाठवायचा, तो किती वेळाने परत येतो ते मोजायचे, खाऱ्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर धरून खोली काढायची, आणि प्रोफाइलर या ध्वनियंत्राच्या कागदावर उमटलेल्या रेषांवरून तळाखालचे थर ओळखायचे. आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून उथळ भागात एक हमखास प्रसंग येतो. छान थर दिसत असतात आणि एकाएकी खालचे सगळे पुसल्यासारखे होते. मुलांना वाटते यंत्र बिघडले. यंत्र ठीक असते. चिखलात कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांपासून झालेला मिथेन तिथे साठलेला असतो आणि तो ध्वनीला खाली जाऊ देत नाही. पुरावा नसणे आणि पुरावा झाकलेला असणे यांतला फरक भूगर्भशास्त्रज्ञाला आयुष्यभर सांभाळावा लागतो. तो इथे अर्ध्या तासात कळतो.

आणि मग कोअर. ग्रॅव्हिटी कोअरर, म्हणजे कोअर काढणारा जड पाइप, वजनावर खाली जातो. चिखलात झकास घुसतो, वाळूत आपटून कटरची धार वाकवून परत येतो. कुठे टाकायचा हे प्रोफाइल बघून ठरवावे लागते, आणि चुकले तर जहाजाचा तास वाया जातो. तो तास महाग असतो, सगळे बघत असतात, आणि निर्णय घ्यायचाच असतो. पाइप डेकवर आला की पहिले काम लायनरवर, म्हणजे गाळ धरणाऱ्या आतल्या नळीवर, बाण काढण्याचे, वरची बाजू कुठली ते दाखवणारा. मग दोन्ही टोकांना टोपण, टेप, स्टेशन क्रमांक, अक्षांश-रेखांश, पाण्याची खोली, वेळ. बाण उलटा पडला तर हजारो वर्षांचा क्रम उलटतो आणि प्रयोगशाळेत ते पटकन कुणाच्या लक्षातही येत नाही. कधी ग्रॅब रिकामा येतो, कारण जबड्यात एक शिंपला अडकलेला असतो आणि सगळा गाळ वर येता येता धुऊन गेलेला असतो. तेही लॉगमध्ये लिहायचे. रात्री दोनच्या पाळीत, ओल्या हातांनी, जहाज डुलत असताना, खरी आणि वाचता येईल अशी नोंद लिहिणे हे कौशल्य मी दुसरीकडे कुठे इतके पक्के शिकवलेले पाहिले नाही.

यात नवीन काही नाही. युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागर आयोगाने १९९१ पासून ‘तरंगते विद्यापीठ’ चालवले. त्यात वेगवेगळ्या देशांचे विद्यार्थी आणि संशोधक एकाच जहाजावर, एकाच मोहिमेवर काम करत. विद्यार्थी प्रेक्षक म्हणून जात नसत, पाळी करत. आपणही तसेच करावे.

मुलींबद्दल वेगळे लिहिते, कारण अडवणूक इथेच होते. ‘पोरीले बोटीवर कायले पाठवता, मॅडम?’ हे मला काटोलच्या एका वडिलांनी विचारले होते, आणि ते काळजीने विचारत होते. काळजीला उत्तर द्यायला हवे. जहाजावर मुलींसाठी वेगळी केबिन असते का, सोबत शिक्षिका असणार का, रात्रपाळीत दोघी-दोघी असतील का, डॉक्टर आहे का, घरी निरोप कसा पोचेल, हे सगळे निघण्याआधी पालकांना लेखी द्या. आणि त्यांना हेही सांगा की अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक, समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत, यांचा जन्म नागपूरचा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्या काम करत होत्या, आणि १९८३-८४ च्या मोहिमेत भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता यांच्याबरोबर गेल्या. भूमिगत खाणींचे दरवाजे कायद्याने स्त्रियांसाठी २०१९ मध्ये उघडले, तेही अटींवर. समुद्राने त्याआधी कित्येक वर्षे त्यांना काम दिले. आपल्या विभागांत आज मुली मोठ्या संख्येने शिकतात. फील्डची यादी करताना ‘मुलींना जमेल का’ म्हणून एखादे ठिकाण गाळण्याची सवय आता सोडून द्या.

व्यवहाराचे थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्टला चार क्रेडिट आहेत, तिथे हे बसते. अडचण वेळेची आहे. ते काम उन्हाळ्यात करण्याकडे कल असतो, आणि मेच्या शेवटाला अरबी समुद्र खवळायला लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. तेव्हा पहिल्या सत्राची परीक्षा झाल्यावर लगेच जहाज, आणि नमुन्यांवरचे काम दुसऱ्या सत्रात, अशी विभागणी करा.

जहाजे आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेकडे ‘सागर तारा’ आणि ‘सागर अन्वेषिका’ ही किनारी जहाजे आहेत, गोव्याच्या संस्थेकडे ‘सिंधु संकल्प’, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मंगळूरच्या सागरी विभागाकडे स्वतःची किनारी जहाजे. संपूर्ण जहाज आपल्यासाठी मागायचे म्हटले तर खर्च लाखांच्या घरात जातो, आणि ते मिळणारही नाही. ठरलेल्या मोहिमांत रिकाम्या राहणाऱ्या बर्थ मागा. एका मोहिमेत तीन-चार विद्यार्थी, वर्षभरात वेगवेगळ्या मोहिमांवर मिळून सगळी तुकडी. जहाजांचे वेळापत्रक बरेच आधी ठरते, म्हणून पत्र परीक्षेनंतर पाठवून उपयोग नाही, वर्ष सुरू होतानाच गेले पाहिजे. एका विभागाचे पत्र फायलीत राहू शकते. नागपूर, अमरावती, गडचिरोली अशा तिन्ही विद्यापीठांचे एकत्र पत्र गेले तर त्याला वजन येईल. सेमिनरी हिल्सच्या कार्यालयातून सुरुवात करा, ते आपल्या गावातले आहेत.

जाण्याआधीची तयारी इथेच करता येते. अंबाझरीच्या तलावात, परवानगी काढून, साध्या होडीतून छोटा ग्रॅब टाकायला शिकवा. पीव्हीसी पाइप काठच्या गाळात ठोकून कोअर काढायला, तो उभा चिरायला, रंगाच्या तक्त्यावरून वर्णन लिहायला शिकवा. लाइफ जॅकेट घालायचा सराव, वैद्यकीय तपासणी, विमा. समुद्र लागतो, जवळपास सगळ्यांनाच लागतो, आणि दीड-दोन दिवसांत बहुतेकांचा उतरतो. ते आधी सांगितले की मुले घाबरत नाहीत. गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्यापूर्वी घ्यायची असते, उलटी झाल्यावर नव्हे.

एक गोष्ट मात्र अगदी आग्रहाने मागते. नमुने नागपूरला आले पाहिजेत. जहाजावर जाऊन फोटो काढून परतणे म्हणजे सहल. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः घेतलेला निदान एक नमुना, संबंधित संस्थेच्या परवानगीने, आपल्या प्रयोगशाळेत आणावा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवावा, वाळवावा, सूक्ष्मदर्शकाखाली फोरामिनिफेरा वेचावेत, आणि त्यावर स्वतःच्या नावाने अहवाल लिहावा. यासाठी लागणारी साधने बहुतेक विभागांत आहेत. चाळण्या नसतील तर त्या विकत घेता येतात. त्या नमुन्यांचा एक संग्रह विभागात उभा राहील. पाच वर्षांनी कोकणाच्या, गोव्याच्या, आंध्राच्या किनाऱ्याचा गाळ नागपुरात नीट लेबल लावलेल्या बाटल्यांत असेल आणि पुढच्या तुकड्या त्यावर काम करतील. ज्यांना जहाजावर जाणे प्रकृतीमुळे जमणार नाही, त्यांनाही त्यातूनच पूर्ण क्रेडिटचे काम देता येईल. कुणाला त्या कारणाने मागे ठेवू नका.

प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च विभागाच्या फील्ड अनुदानातून व्हावा. पुरत नसेल तर मॉइल, वेस्टर्न कोलफील्ड्स यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीकडे मागणी करा. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या मुलाला ‘पैसे भरलेस तर जहाज’ असे सांगण्याची वेळ येणार असेल, तर हा कार्यक्रम सुरूच करू नका, इतके मी स्पष्ट लिहिते.

अभ्यास मंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. क्रेडिट, मूल्यमापन, सुरक्षेचे नियम, पालकांना द्यायचे पत्र आणि संस्थांना पाठवायचे संयुक्त निवेदन, या सगळ्यांचे मसुदे मी लिहून द्यायला तयार आहे. बोलावलेत तर बैठकीला येईन. पहिल्या तुकडीची तयारी मी स्वतः, मानधन न घेता, करून घेईन. या वर्षीचे पत्र वेळेत गेले, तर पुढच्या जानेवारीत आपली पहिली तीन-चार मुले डेकवर असू शकतात.

आपली,
एक निवृत्त सागरी भूगर्भशास्त्रज्ञ
नागपूर